ग्लुकच्या ‘ऑर्फेओ’मधील विलाप: पट्टी सफेद एक, लय १२०, भाव ‘आनंदी’ – हे कसे?

प्रश्न – पेटीवाला, बडोदे

नमस्कार. मी दांडिया बाजारात राहतो आणि पेटीची साथ करतो. आमच्या भागातील काही नाट्यसंगीतप्रेमी मंडळी अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमून जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकतात. पुढच्या बैठकीत युरोपातील संगीत नाटक, म्हणजे ऑपेरा, ऐकवायचा असे ठरले असून निवडीची जबाबदारी माझ्यावर आली आहे. मी ख्रिस्तोफ विलिबाल्ड ग्लुक या संगीतकाराच्या ‘ऑर्फेओ एद एउरिदिचे’ या ऑपेरातील तिसऱ्या अंकाचा विलाप निवडला. मृत पत्नीला पाताळातून परत आणताना मागे वळून पाहायचे नाही, ही अट ऑर्फेओ मोडतो, ती दुसऱ्यांदा मरते, आणि तो ‘के फारो सेन्झा एउरिदिचे’, म्हणजे एउरिदिचेवाचून मी काय करू, असे गातो.

मंडळींना थोडी पूर्वतयारीची माहिती द्यावी म्हणून मी या ध्वनिमुद्रणाचे विश्लेषण करणाऱ्या एका ॲपवर पाहिले, तर तेथे सी मेजर (म्हणजे पेटीवर सफेद एकला षड्ज आणि सगळे सूर शुद्ध), मिनिटाला सुमारे १२० ठोके आणि भाव ‘आनंदी’ अशी नोंद आढळली. पेटीवर पडताळले तेव्हा गोंधळ आणखी वाढला. आजच्या वाद्यवृंदाचे इटालियन ध्वनिमुद्रण सफेद एकला अगदी चपखल बसते. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवलेले दुसरे सफेद सातवर जाते. आणि तिसरे, जे फ्रेंच भाषेत पुरुष गायकाने गायले आहे, ते थेट सफेद चारवर आहे. सगळे सूर शुद्ध, म्हणजे आपल्या हिशेबाने बिलावल थाट. त्यात हा शोक कसा मांडला असेल, आणि या तिघांपैकी मूळ पट्टी कोणती मानावी, हे जाणकारांनी सांगावे. लयीच्या आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही, हेही कळले तर बरे होईल.

उत्तर – स्टाफवाले

तुमची पेटी बरोबर आहे, कान बरोबर आहेत आणि तिन्ही ध्वनिमुद्रणेही आपापल्या जागी बरोबर आहेत. कारणे मात्र दोन वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

सफेद चारचा उलगडा इतिहासात आहे. हा ऑपेरा प्रथम ५ ऑक्टोबर १७६२ रोजी व्हिएन्नाच्या बुर्ग नाट्यगृहात झाला. संहिता रानिएरी दे काल्झाबिजी यांची इटालियन भाषेतील होती आणि ऑर्फेओची भूमिका गाएतानो ग्वादान्यी या कास्त्रातो गायकाने, म्हणजे बालपणीच शस्त्रक्रिया करून ज्याचा आवाज फुटू दिलेला नव्हता अशा गायकाने, खालच्या आल्टो आवाजात गायली. तेथे हा विलाप सी मेजरमध्ये आहे. १७७४ साली ग्लुकने पॅरिससाठी फ्रेंच आवृत्ती केली, आणि फ्रेंच रंगभूमीवर अशा आवाजाचा नायक रुचत नसल्यामुळे जोसेफ लग्रो या उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकासाठी हेच गाणे एफ मेजरमध्ये नेले. पुढे १८५९ साली बेर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराने पोलीन व्हियार्दो या गायिकेसाठी दोन्ही आवृत्त्यांची सांगड घालून भूमिका पुन्हा बऱ्याच अंशी व्हिएन्नाच्या खालच्या पट्टीकडे वळवली. म्हणजे सफेद एक आणि सफेद चार या दोन्ही पट्ट्या ग्लुकच्याच हातच्या आहेत. आपल्याकडे गायक बदलला की साथीदार पट्टी बदलतो, तीच गोष्ट येथे संगीतकाराने स्वतः कागदावर केली, एवढेच.

सफेद सातची गोष्ट निराळी आहे. त्या ध्वनिमुद्रणातही कागदावर सी मेजरच आहे. आज वाद्ये जुळवताना ए हा स्वर, म्हणजे तुमच्या पेटीवरची सफेद सहा, सेकंदाला ४४० कंपनांवर धरतात. अठराव्या शतकात असे एकच माप नव्हते. गावागणिक, किंबहुना चर्च आणि नाट्यगृह यांच्यातही, फरक असे. जुनी वाद्ये वापरणारे आजचे वाद्यवृंद बहुधा ४१५ किंवा ४३० ही मापे घेतात. ४१५ हे ४४० पेक्षा जवळजवळ नेमके एका अर्ध्या स्वराने खाली येते, म्हणून लिहिलेला सी तुम्हाला सफेद सातवर ऐकू आला. ४३० चे ध्वनिमुद्रण मिळाले तर ते पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे अडकेल आणि कोणत्याच पट्टीला पुरते मिळणार नाही. (जुन्या पेट्याही ४४० ला काटेकोर असतात असे नाही, म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी पेटी एकदा तपासून घ्यावी.)

ॲपला यातले काहीही ठाऊक नसते. ध्वनीतील सर्व कंपने बारा स्वरांच्या कप्प्यांत गोळा करायची, कोणता स्वर किती भरला हे पाहायचे आणि तो साचा मेजर-मायनरच्या, म्हणजे शुद्ध गंधाराच्या आणि कोमल गंधाराच्या पट्ट्यांच्या, तयार साच्यांशी जुळवायचा, अशी ही रीत साधारणपणे असते. त्यासाठी कॅरोल क्रुमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांनी १९८२ मध्ये श्रोत्यांवरील प्रयोगांतून मांडलेले साचे अजूनही वापरात आहेत. अशा रीतीत सी मेजरच्या जागी जी मेजर किंवा ए मायनर निघणे ही नेहमीची चूक आहे, कारण त्या पट्ट्यांत बहुतेक स्वर सामाईक असतात. षड्ज कोणता हे तंबोऱ्याशिवाय ओळखायला सांगितले तर नवशिक्या विद्यार्थ्याची जी फसगत होते तीच ही.

उत्तर – तबकड्या जमवणारा

वरील उत्तरात एक भर घालतो, कारण तुमच्या बैठकीत जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या जातात असे तुम्ही लिहिले आहे. तबकडीवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणात पट्टी आणि लय या दोन स्वतंत्र गोष्टी राहत नाहीत. आपण सर्रास ‘७८ ची तबकडी’ म्हणतो; पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत सर्व कंपन्या मिनिटाला नेमके ७८ फेरे पाळत नव्हत्या. काही तबकड्या ८० वर, तर काही सत्तरीच्या पहिल्या निम्म्या आकड्यांवर मुद्रित झालेल्या आढळतात. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो, आणि जे गाणे गायकाने १२० च्या लयीत गायले ते १२६ च्या पुढे जाते. सफेद एकचे गाणे काळी एकमध्ये ऐकू येते, आणि ॲप ती पट्टी शांतपणे नोंदवून मोकळे होते.

मग सूर खरोखरच वेगळा लावला होता की यंत्र जलद फिरले, हे ओळखायचे कसे? माझा भरवसा आवाजातील कंपावर असतो. शिकलेल्या ऑपेरा गायकाच्या लांब सुरात सेकंदाला साधारण साडेपाच ते साडेसहा वेळा हेलकावा असतो. तबकडी जलद फिरली की हा हेलकावा दाट होतो, स्वरवर्ण पातळ होतात आणि भरदार आल्टो आवाजालाही पोरकट धार येते. ४१५ वर जुळवलेल्या वाद्यवृंदात यांपैकी काहीच घडत नाही; सूर खाली असतो, पण आवाज आवाजासारखाच राहतो. बालगंधर्वांच्या तबकड्या वेगवेगळ्या संग्राहकांनी वेगवेगळ्या गतीने उतरवल्यामुळे त्यांची पट्टी नेमकी कोणती, यावर आपल्याकडे जे वाद रंगतात, त्यांतले निम्मे या एका कसोटीवर मिटावेत.

आणखी एक बंधन असे की बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे चार ते साडेचार मिनिटेच मावत, आणि दहा इंचीवर तीन-सव्वातीन. रंगभूमीवर वन्समोअरसह कितीतरी वेळ चालणारे पद आपल्या गायकनटांनी तेवढ्यात कसे बसवले हे आपण जाणतोच. ऑपेराच्या गायकांपुढेही तोच पेच होता, त्यामुळे जुन्या तबकडीवरील लय ही कलावंताची खरी पसंती होती असे गृहीत धरू नये. कधी ती बाजू संपण्याची घाई असते.

या विलापाचे सर्वांत प्रसिद्ध जुने ध्वनिमुद्रण म्हणजे कॅथलीन फेरिअर या इंग्लिश कॉन्ट्राल्टो, म्हणजे खालच्या पट्टीच्या, गायिकेने १९४६ मध्ये इंग्रजी शब्दांत गायलेले. ते तुम्ही ऐकवालच, तेव्हा एक सावधगिरी सुचवतो. फेरिअर यांनी फेब्रुवारी १९५३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला हीच भूमिका केली, दुसऱ्या प्रयोगात कर्करोगाने पोखरलेले त्यांचे मांडीचे हाड मोडले, तरी त्यांनी प्रयोग पुरा केला, आणि त्याच वर्षी त्या गेल्या. ही हकीकत आधी सांगितली की श्रोते १९४६ च्या तबकडीतही मृत्यूची चाहूल ऐकू लागतात, जरी त्या वेळी त्या आजाराचा मागमूस नव्हता. हकीकत सांगायचीच असेल तर ऐकवून झाल्यावर सांगावी.

उत्तर – मागची रांग

पट्टी आणि फेरे यांची चर्चा उद्बोधक आहे, पण प्रश्नाचा गाभा बाजूला राहिला असे वाटते. शुद्ध स्वरांत शोक कसा, असे विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की शोक त्या सुरांत नाहीच. तो शब्दांत आणि प्रसंगात आहे. हे माझे एकट्याचे मत नाही. एडुआर्ड हान्स्लिक या समीक्षकाने १८५४ मध्ये याच गाण्याचा दाखला देऊन म्हटले होते की ‘मी एउरिदिचेला गमावले, माझ्या दुःखाला तोड नाही’ या फ्रेंच ओळींऐवजी ‘मला एउरिदिचे सापडली, माझ्या सुखाला तोड नाही’ असे शब्द घातले तरी चाल तितकीच, किंबहुना अधिकच, शोभेल. हा आक्षेप त्याच्याही आधी, ग्लुकच्या हयातीतील बोये नावाच्या लेखकाने नोंदवला होता. मग ॲपने ‘आनंदी’ म्हटले तर त्याला दोष का द्यावा? त्याला इटालियन येत नाही, त्याने फक्त सूर ऐकले आणि सुरांत जे होते ते प्रामाणिकपणे सांगितले.

आपल्याकडे मात्र रागाचे स्वरूपच भावाला वाट दाखवते. तोडीत पाळणा बसवायला कोणी जात नाही.

उत्तर – स्टाफवाले

हान्स्लिकचा दाखला अचूक आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि ग्लुकलाही झाला नसता. १७७० मध्ये छापलेल्या ‘पारिदे एद एलेना’ या आपल्या नंतरच्या एका ऑपेराच्या अर्पणपत्रिकेत त्याने नेमका याच गाण्याचा उल्लेख केला आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की ‘के फारो’च्या उच्चारणात किंचित फेरफार केला की तो बाहुल्यांचा नाच होऊन बसतो, एखादा सूर जरा अधिक किंवा उणा धरला, लयीचा वा आवाजाचा जोर हुकला, भलत्या जागी कण, तान किंवा मुरकी घेतली, तर अख्खा प्रवेश नासतो. म्हणजे हे गाणे सहज आनंदी वाटू शकते हे त्याला टीकाकारांच्या आधी ठाऊक होते, आणि तो धोका त्याने जाणूनबुजून पत्करला होता.

जाणूनबुजून म्हणण्याला पुरावा त्याच ऑपेरात आहे. पहिल्या अंकात पडदा उघडतो तेव्हा एउरिदिचेच्या समाधीभोवती समुदाय शोक करीत असतो, आणि तो समूहस्वर सी मायनरमध्ये आहे. षड्ज तोच, गंधार कोमल, रूढ शोकाची रूढ भाषा. ती भाषा ग्लुकला येत होती. तिसऱ्या अंकात, जेव्हा दुःख अधिक मोठे आहे आणि दोष ऑर्फेओचा स्वतःचा आहे, तेव्हा तो षड्ज तोच ठेवून गंधार शुद्ध करतो. समुदायाने विधी म्हणून केलेला शोक आणि सुन्न झालेल्या एकट्या माणसाचा शोक यांत त्याने असा भेद केला, असे मला वाटते. पॅरिसच्या आवृत्तीत तर उलट बाजूही दिसते: जेथे कसलेच दुःख नाही त्या पुण्यात्म्यांच्या प्रदेशात त्याने बासरीसाठी डी मायनरमधील सुरावट नव्याने घातली. मेजर म्हणजे सुख आणि मायनर म्हणजे दुःख हे समीकरण या संगीतकाराला लावणेच चूक आहे.

रागाविषयी म्हणाल, तर मेजर पट्टी आणि बिलावल थाट यांचे स्वर जुळतात, पण थाट म्हणजे राग नव्हे. बडोद्याला १९१६ मध्ये भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेपासून थाटांची चर्चा आपल्या गावाच्या ओळखीची आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. बिलावल थाटातच गणले जाणारे बिहाग आणि पहाडी घ्या. विरहाच्या बंदिशी आणि ठुमऱ्या त्यांत कमी आहेत काय?

पेटीवाला, बडोदे

सर्वांचे आभार. पट्टीचा प्रश्न पुरता सुटला. ‘मागची रांग’ यांचा आक्षेप बैठकीतही निघणार याची खात्री आहे, आणि तो निघावा अशीच माझी इच्छा आहे. लयीबद्दल मात्र अजून शंका आहे. फेरिअर यांचे ध्वनिमुद्रण इतके ठाय वाटते आणि जुन्या वाद्यांवरील इतके चपळ, की एकाच्या शोकावर विश्वास बसतो आणि दुसरे खरोखरच आनंदी वाटू लागते. ग्लुकने लय किती सांगितली होती?

उत्तर – गाणारी, फतेगंज

मी पाश्चात्त्य पद्धतीचे गायन शिकले आहे आणि हे गाणे गायले आहे, म्हणून लयीबद्दल लिहिते.

ग्लुकने आकडा सांगितलेला नाही, सांगणे शक्यच नव्हते. मेल्त्सेलच्या मेट्रोनोमचे, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचे, पेटंट १८१५ चे, आणि ग्लुक १७८७ मध्ये वारला. त्यामुळे छापील प्रतीत आकडा दिसला तर तो संपादकाचा समजावा. ॲपचा १२० हा आकडा तर आणखी एका कारणाने फसवा आहे. तंतुवाद्यांची साथ सतत चालती असल्यामुळे यंत्र लहान ठोके मोजते, आणि गाणारी त्याच्या निम्म्या गतीने, मोठ्या ठोक्यावर, श्वास घेत असते. तिच्या दृष्टीने ही लय ६० आहे. ठेक्याची दुगुन मोजून कोणी मध्यलयीला द्रुत म्हणावे, तसा हा हिशेब झाला. दोन्ही आकडे गणिताने खरे आहेत, पण श्रोत्याच्या हाती द्यायचा तो ६० चाच.

शिवाय संपूर्ण गाण्याला एकच आकडा लावता येत नाही. रचना ध्रुपद परत परत येणारी आहे: ‘के फारो’ ही ओळ तीनदा येते आणि मधल्या दोन अंतऱ्यांत ऑर्फेओ एउरिदिचेला हाका मारतो, उत्तर मागतो, आणि पृथ्वीवर वा स्वर्गात कोठेच आशा उरली नाही असे म्हणतो. तेथे चाल रेंगाळते, थांबते, आणि दुसऱ्या अंतऱ्यात सुरांवर मायनरची छाया येते. ॲप या सर्वांची सरासरी काढते. माझ्या मते गाण्याचा भाव ठरतो तो या अंतऱ्यांतून पुन्हा ध्रुपदावर येताना. पहिल्यांदा ती ओळ प्रश्न असते. तिसऱ्यांदा तीच चाल, तेच शुद्ध गंधार, पण आता उत्तर येणार नाही हे गाणाऱ्याला कळून चुकलेले असते. चांगली गायिका तिसऱ्या वेळी आवाज चढवीत नाही, आणि ओळीच्या शेवटी वरच्या स्वरावर टेकून खाली उतरण्याच्या ज्या जागा आहेत त्या किंचित लांबवते. वाईट गायिका तिन्ही वेळा सारखेच गाते, आणि मग हान्स्लिक जिंकतो. तुम्हाला चपळ ध्वनिमुद्रण आनंदी वाटले ते लयीमुळे की या जागा घाईने उरकल्यामुळे, हे पुन्हा एकदा ऐकून पाहावे. काही जलद ध्वनिमुद्रणांत या जागा नीट सांभाळलेल्या असतात आणि तेथे शोक अधिक बोचरा होतो, कारण माणूस रडत बसलेला नसून सैरभैर झालेला वाटतो. फेरिअर यांच्या ठाय लयीत भव्यता आहे, पण मला त्यात ऑर्फेओपेक्षा स्मारक अधिक दिसते. हे मत अनेकांना पटणार नाही.

बैठकीसाठी सूचना एवढीच की गाणे एकटे ऐकवू नका. अनेक ध्वनिमुद्रणांत त्याच्या आधीचे गद्यप्राय गायन वेगळ्या तुकड्यात कापलेले असते. एउरिदिचे कोसळल्यावर ऑर्फेओ भानावर येतो तो प्रसंग त्यात आहे. तेथून सुरुवात केली तर पहिला मेजर सूर कानावर पडताच सभेला काहीतरी विपरीत घडल्यासारखे जाणवेल. क्रम असा ठेवावा: प्रथम पहिल्या अंकातील समाधीचा सी मायनरमधील समूहस्वर, मग हे गद्यप्राय गायन व विलाप आजच्या वाद्यवृंदात, मग फेरिअर, आणि शेवटी जुन्या वाद्यांवरील. फ्रेंच आवृत्ती वेळ उरल्यास घ्यावी. लग्रोच्या पट्टीत पुरुषाचा आवाज ताणला जातो आणि त्या ताणाचाही एक वेगळा परिणाम होतो, पण तो चौथ्या-पाचव्या ऐकण्यात कळण्यासारखा आहे.

पेटीवर सूर धरून दाखवणार असाल तर आजच्या वाद्यवृंदाच्या वेळी धरावा. ४१५ च्या ध्वनिमुद्रणाबरोबर षड्ज सफेद सातवर ठेवावा लागेल, आणि त्या पट्टीत बिलावल वाजवताना पाचही काळ्या पट्ट्या लागतात.